गिगाबिट लॅन ९४ वरच अडकली तर

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, वायफायवर पूर्ण स्पीड, पण केबल लावलेला पीसी ९४-९५ च्या पुढे जात नाही. राउटर आणि पीसी दोन्हींचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असतील तर दोष बहुतेक केबलचा. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसतो. केबलमध्ये आठ तारा असतात, प्रत्येक तार कनेक्टरच्या एका पिनेला. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे बाकीच्या चारपैकी एखादी तार तुटली तरी नेट चालतं, फक्त हळू.

माझ्याकडे केबल टेस्टरवर (प्रत्येक तारेसाठी एक दिवा लावून तपासणारं यंत्र) ७ नंबरचा दिवा लागत नव्हता, म्हणजे पांढरी-तपकिरी तार. कनेक्टर कापून नवा आरजे-४५ (लॅन केबलच्या टोकाचा प्लग) लावला. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिमीपेक्षा जास्त सोडवू नका. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या पाचरीखाली दाबलं गेलंच पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. आठही टोकं पुढे टेकलेली दिसल्यावरच क्रिंप करा (क्रिंपिंग पक्कडीने दाबून पक्कं करा). लगेच लिंक १०००/१००० झाली.

स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, ते वाकवताना तुटतं. भिंतीतून न्यायची असेल तर शुद्ध तांब्याचीच कॅट-६ दर्जाची केबल घ्या.