रेस अक्रॉस अमेरिका : संघाच्या क्रूने काय सांभाळावे

कॅलिफोर्नियातील ओशनसाइडहून पूर्वेकडे जाणारी ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत संघातील स्वार आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण करतात, नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ साली ती दोघांच्या संघाने पार केली होती. क्रूने, म्हणजे गाडीतून स्वारांसोबत जाणाऱ्या मदतनीसांनी, सर्वांत आधी स्वतःची झोप सांभाळावी, कारण रात्री स्वाराला मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच चालवावे लागते आणि पेंगुळलेला चालक हा पंक्चरपेक्षा कितीतरी मोठा धोका असतो. त्यामुळे चालक, रस्ता सांगणारा आणि खाण्यापिण्याची नोंद ठेवणारा अशा तिघांच्या पाळ्या लावाव्यात व त्या उत्साहाच्या भरात मोडू नयेत. स्वारांच्या अदलाबदलीच्या वेळी येणाऱ्या स्वाराचे पुढचे चाक निघणाऱ्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला आलेच पाहिजे, म्हणून रुंद कडेची जागा आधीच हेरून ठेवावी. कडेला उभे राहून बाटली देताना ती झाकणाजवळ चिमटीत धरावी, म्हणजे स्वाराला मधला भाग पकडता येतो. स्वार चिडला, तर वाद न घालता (बहुधा ती भूकच असते) आधी खायला द्यावे. दिलेली प्रत्येक बाटली, तिच्यात साधे पाणी होते की मीठ-साखरेचे, हे वेळेसह वहीत लिहावे आणि पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हातात द्यावी.