फोल्डरला रंग आपोआप लागेल असं करा: मॅकवरचं ऑटोमेटर

आमच्या दिवाळी अंकात एका वर्षी एक कथा मुद्रितशोधन न होताच छापून आली. फाइंडरच्या, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणाऱ्या खिडकीच्या, साइडबारमधल्या हिरव्या टॅगवर (रंगाच्या खुणेवर) क्लिक करून जी फोल्डरं दिसली ती मी छपाईला दिली. त्यातलं एक खरं म्हणजे अजून मुद्रितं तपासण्याच्या टप्प्यावरच होतं, पण घाईत कुणीतरी त्याला हिरवा रंग दिला होता. लेखिकेला फोन करताना जीव अगदी कासावीस झाला. तेव्हापासून रंग हाताने द्यायचा नाही. फोल्डर जिथे ठेवलं, तिथला रंग त्याला लागला पाहिजे.

यासाठी वेगळं ॲप विकत घ्यावं लागत नाही. ऑटोमेटर हे ठरवून दिलेली कामं आपोआप करणारं ॲप २००५पासून मॅकसोबतच येतं.

आधी तीन फोल्डरं करा: ‘१ आलेले’, ‘२ मुद्रितशोधन’, ‘३ छपाईला’. प्रत्येक लेखकाचं फोल्डर या तिन्हींतून पुढे सरकणार. रंग अनुक्रमे लाल, पिवळा, हिरवा. फाइंडरमध्ये रंग सात आहेत, पण तीनच वापरा. चौथ्यापासून कुठला रंग कशाचा हे आठवावं लागतं, आणि आठवावं लागलं की रंगाचा उपयोग संपला.

आता ऑटोमेटर उघडा, नवीन डॉक्युमेंट घ्या आणि प्रकार ‘फोल्डर ॲक्शन’ (फोल्डरमध्ये काही आलं की आपोआप चालणारी क्रिया) निवडा. वरच्या पट्टीत कुठल्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं ते विचारलं जातं. तिथे ‘१ आलेले’ दाखवा. मग डावीकडच्या यादीतून ‘फिल्टर फाइंडर आयटम्स’ ओढून उजवीकडे आणा आणि अट घाला: काइंड, इज, फोल्डर. ही पायरी गाळू नका, नाहीतर चुकून टाकलेल्या सुट्या फाइलीही रंगतील. त्याखाली ‘लेबल फाइंडर आयटम्स’ आणा. मी ही क्रिया दोनदा घेते: पहिलीत रंग काढून टाकायचा पर्याय, दुसरीत लाल. मागच्या टप्प्याचा रंग आधी पुसलेला बरा. एका फोल्डरवर दोन ठिपके दिसले तर मूळ गोंधळ तसाच.

सेव्ह करा. उरलेल्या दोन फोल्डरांसाठी हेच पुन्हा, फक्त फोल्डर आणि रंग बदलून.

खरा लेख टाकण्याआधी ‘चाचणी’ नावाचं रिकामं फोल्डर करून पहिल्यात ओढा. मॅकने परवानगी मागितली तर द्या. क्षणभरात नावाशेजारी लाल ठिपका येतो. मग तेच दुसऱ्यात ओढा: पिवळा. तिसऱ्यात: हिरवा. ठिपका आलाच नाही, तर वरच्या पट्टीत फोल्डर बरोबर निवडलं आहे का ते आधी पाहा.

काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. ही क्रिया नव्याने आत आलेल्यावरच चालते. आधीपासून पडून असलेल्या फोल्डरांना रंग हवा असेल, तर ती एकदा बाहेर काढून परत आत टाका. आतल्या उपफोल्डरांनाही रंग लागत नाही, आणि ते चांगलंच आहे. रंग लेखाच्या टप्प्याचा आहे, त्यातल्या चित्रांचा नाही.

तिन्ही फोल्डरं एकाच डिस्कवर ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नुसतं ओढलं की फोल्डर हलत नाही, त्याची प्रत होते. मग जुनं फोल्डर जुन्याच रंगाने मागे राहतं आणि दोन आठवड्यांनी कुणीतरी त्यातच दुरुस्त्या करत बसतं. हलवायचंच असेल तर ओढताना कमांड की दाबून धरा.

आणि पेनड्राइव्हवरून मजकूर प्रेसला दिला आणि तिथे विंडोज असेल, तर हे रंग दिसत नाहीत. म्हणून पाठवण्याआधी फोल्डरच्या नावातच ‘अंतिम’ आणि तारीख लिहा.