फोम पातळ पडतोय? आधी हौद बघा, नोझल शेवटी

वॉशिंग सेंटरमध्ये गाडी धुण्याच्या कमानीतून फोम पाण्यासारखा गळायला लागला की पहिला हात नोझलकडे जातो. सुई घालून भोक मोकळं केलं जातं, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. कचरा नोझलमध्ये अडकतो खरा, पण येतो मागून. सोलापुरात तर बहुतेक वेळा दुखणं पाण्याचंच असतं. नळाला काही दिवसांआड उजनीचं पाणी, मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर, आणि सगळं एकाच हौदात. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका धरतो. पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या नळीत तेच पाणी सुकलं की पांढरा थर बसतो. म्हणून तपासणी हौदापासून नोझलकडे करा.

पाणी दोषी आहे का, हे दोन बाटल्यांत कळतं. एकीत अर्धा लिटर हौदाचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओचं. दोन्हींत १२-१३ मिली शाम्पू घालून सारखंच हलवा. हौदाच्या बाटलीत फेस लवकर बसला, पाणी दुधाळ झालं, तर मशीन खोलण्याआधी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बघा. त्याचं मीठ संपलेलं असण्याची शक्यता मोठी. नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार दाखवतो, पाण्याचा जडपणा नाही. त्यासाठी हार्डनेस किट वेगळं मिळतं.

मशीन खोलताना मेन स्विच बंद, कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह बंद, आणि गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय एकही नट ढिला करायचा नाही. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे.

आधी शाम्पूच्या ड्रममधली सक्शनची, म्हणजे शाम्पू ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची, जाळी. ती तळापासून दोन इंच वर लटकली पाहिजे, तळाला टेकली की गाळच ओढते. मग पारदर्शक नळीकडे नीट बघा. मशीन चालू असताना नळीत बुडबुडे पळत असतील तर जोडातून हवा शिरतेय. नळीचं टोक अर्धा इंच कापून पुन्हा घट्ट बसवा. बंद केल्यावर नळीतला शाम्पू खाली उतरत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारा) गळतोय. ड्रमची पातळी आपोआप वाढत असेल तर पाणी उलटं येऊन तुमचा महागाचा शाम्पू पातळ करतंय.

सक्शनच्या तोंडाशी एक छोटी रंगीत टीप असते. रंगावरून भोकाचा आकार ठरतो. फोम कमी पडला की मोठ्या भोकाची टीप घालायचा मोह होतो. तो टाळा, आधी माप घ्या. नळी मोजपात्रात बुडवून एक मिनिट मशीन चालवा. मिनिटाला ४ लिटर पाणी जात असेल आणि १:४० प्रमाण हवं असेल, तर १०० मिली शाम्पू उतरला पाहिजे. ६० उतरला, तर टीप तुंबलीय किंवा पाण्याचा दाब कमी पडतोय.

खरा गुंता फोम जनरेटरच्या डब्यात असतो. आत स्टेनलेस स्टीलची काथ्यासारखी जाळी ठासलेली असते, हवा आणि द्रावण तिच्यातून घुसळून निघतात. ती बाहेर काढा. बोटाला राखाडी, बुळबुळीत लागलं तर तो साबणाचा साका. ५० अंशांच्या गरम पाण्यात खळखळून धुतला की निघतो. खरखरीत पांढरं असेल तर त्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्याचा थेंब टाका. बारीक फेसाळलं की तो चुन्याचा थर. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवा. आधी साबण पूर्ण धुऊन घ्या, नाहीतर अल्कलीयुक्त शाम्पू आम्ल मारून टाकतो. संडासाचं ॲसिड अजिबात नको. ते पितळ आणि स्टीलही खातं. ब्लीचशी कुठलंही आम्ल मिसळू नका, विषारी वायू निघतो. जाळी परत बसवताना दाबून कोंबू नका. वाट अडली की फोम फट्फट् करत, तुकड्यांनी येतो.

मग हवा. मशीनच्या पाटीवर दाब लिहिला असेल तर तोच ठेवा. नसेल तर ३० पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) पासून सुरू करून ५-५ने बदला. फोम पाणचट असेल तर हवा थोडी वाढवा. कोरडा होऊन थुंकल्यासारखा उडत असेल तर कमी करा. दाराच्या काचेवर तो चिकटून सावकाश घसरला की जमलं. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा.

बंद केल्यावरही फोम गळत राहिला, तर सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हच्या, पडद्याखाली खडा अडकलाय. पडद्याचं बारीक छिद्रही तपासा.

नोझल आता. काढून लिंबूसत्त्वात भिजवा, लाकडी काडीने साफ करा, उलट्या बाजूने हवा मारा. तारेने भोक मोठं होतं आणि फवारा वाकडा पडतो. बसवण्याआधी लाइन उघडी ठेवून १५ सेकंद चालवा. टेफ्लॉन टेप गुंडाळताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर टेपचेच तुकडे पुढे जाऊन अडकतात.

शाम्पू बदलताना जुन्यावर नवा ओतू नका. काही वॅक्स आणि कंडिशनर साध्या शाम्पूशी भेटले की नळीतच खळीसारखे घट्ट होतात. मधे पाच मिनिटं साधं पाणी फिरवा.

हौद भरत असताना गाळ उठतो. तो बसेपर्यंत, निदान दोन तास, फोमची लाइन बंद ठेवा. आणि रात्री बंद करताना सक्शन नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत घालून फोम एक मिनिट चालवा. मार्च ते जून यात एकही रात्र चुकवू नका.