जुनी गाडी, वायरिंगची कटकट आणि डीलरची जबाबदारी: या चुका टाळा

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं. त्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. कनेक्टरमधला गंज मात्र आतल्या आत वाढत राहतो. काही महिन्यांनी पॉवर विंडो अडते, सेंट्रल लॉक आपोआप उघडतं, आणि डीलर म्हणतो, "देताना तर सगळं चालू होतं!"

पहिली चूक: नुसती चावी फिरवून समाधान मानणं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला मातीची रेघ दिसली तर सावध व्हा. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज पाहा. फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट-पांढरी पूड दिसली तर तो सौदा सोडा. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर मल्टिमीटर साधारण 12.6 व्होल्ट दाखवतो, इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारं यंत्र) एकही एरर कोड नाही, पण रेडिनेस टेस्ट, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या, अपूर्ण दिसतायत? मग कोड नुकतेच पुसले असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता आहे. कारण विचाराच. जुन्या विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) अचानक शून्य झाला असेल, तर क्लेम कशाचा होता तेही विचारा.

कच्च्या पावतीवर पैसे देणं. ही सगळ्यात महाग पडणारी चूक. आरसी आधीच्या मालकाच्या नावावर असते, म्हणून पुढे डीलर "मी फक्त मध्यस्थ" म्हणून हात वर करतो. पावती त्याच्याच फर्मच्या नावाची घ्या आणि पैसे त्याच खात्यात भरा. "गाडी पाण्यात बुडालेली नाही, वायरिंग बदललेलं नाही" हे सही-शिक्क्यासह लिहून घ्या. "जशी आहे तशी घेतली" या ओळीखाली सही केलीत, तर नंतर तीच ओळ तुमच्यासमोर ठेवली जाईल. जुनी बॅटरी किंवा उडालेला बल्ब मात्र डीलरच्या माथी मारू नका. ती झीज आहे.

बिघाड होताच वायर कापून घेणं. पुरावा तिथेच संपतो. आधी फोटो काढा, स्कॅन रिपोर्ट घ्या, वर्कशॉपच्या लेटरहेडवर बिघाडाचं कारण लिहून घ्या. डीलरला स्पीड पोस्टाने कळवा, गाडी तपासायला बोलवा. दुरुस्ती त्यानंतर, आणि काढलेले पार्ट जपून ठेवा.

दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. गाडी अहमदाबादहून घेतलेली असली तरी तुम्ही राहता त्या बडोद्यात तक्रार करता येते. मुदत 2 वर्षं. 5 लाखांपर्यंतच्या गाडीसाठी तक्रारीची फी नाही.