इझेनहाइमचं वेदीचित्र: कागदी प्रतिकृती करून समजून घ्या

जर्मन चित्रकार माथियास ग्रुनेवाल्डच्या या कामातला एकच भाग बहुतेकांना ठाऊक असतो: क्रुसावरचा हिरवट, जखमांनी भरलेला ख्रिस्त. प्रत्यक्षात हे दोन वेळा उघडणारं, झडपांचं वेदीचित्र, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभं केलेलं चित्र आहे. १५१२ ते १५१६ च्या सुमारास ते इझेनहाइमच्या ज्या मठासाठी रंगवलं, तिथे 'संत अँथनीच्या आगी'च्या रुग्णांची शुश्रूषा होई. राय धान्यावरच्या अर्गट बुरशीमुळे होणाऱ्या या रोगात हातपाय जळजळतात, काळे पडून झडतात. हे रुग्ण चित्रासमोर बसत. त्यांना काय दिसत असेल, ते झडपा हाताने उघडल्यावरच कळतं.

पाठीसाठी २१.४ × १२.६ सेंमीचा जाड कार्डपेपर घ्या. मधल्या १४ सेंमीत अँथनी, ऑगस्टीन आणि जेरोम या संतांच्या शिल्पांची चित्रं चिकटवा. दोन्ही कडांना ३.५ सेंमी रुंद चित्रं: डावीकडे सेबास्तियन, उजवीकडे अँथनी. मग झडपांच्या दोन जोड्या कापा. आतली प्रत्येकी ७ सेंमी, बाहेरची ७.२. आतल्या जोडीच्या पुढे डावीकडे देवदूतांचं संगीत, उजवीकडे मरिया आणि बाळ. मागे डावीकडे अँथनी आणि संन्यासी संत पॉल यांची भेट, उजवीकडे राक्षसांनी घेतलेली अँथनीची परीक्षा. बाहेरच्या जोडीवर पुढे क्रूसारोहण, मागे डावीकडे देवदूताचा मरियेला निरोप, उजवीकडे पुनरुत्थान. दोन्ही बाजू एकाच कागदावर छापू नका, डावं-उजवं हमखास उलटतं. वेगळ्या छापून पाठीला पाठ चिकटवा.

आधी आतली जोडी कागदी चिकटपट्टीने बसवा. बाहेरच्या जोडीची बिजागरी तिच्यापासून २ मिमी बाहेर हवी. एकाच रेषेवर घेतली तर आतली झडप अडते.

सगळ्यात मोठी चूक होते ती क्रूसारोहण कापताना. क्रुसाचा खांब म्हणजे मध्य असं धरून अनेक जण तिथेच कात्री लावतात. मूळ चित्रात (२६९ × ३०७ सेंमी) खांब मध्यापासून उजवीकडे सरकलेला आहे. बरोबर मध्यावर कापलं, तर उघडताना ख्रिस्ताचा एक हात धडापासून तुटतो. मूळ वेदीचित्रात झडपांच्या खालच्या पट्टीवर कबरीत ठेवला जाणारा ख्रिस्त आहे. तिचे दोन भाग बाजूला केले की त्याचे पाय तुटल्यासारखे दिसतात. ज्यांचे अवयव याच रोगाने गेले होते, त्यांच्यासमोर हे घडे. हा योगायोग मानणं मला तरी अवघड जातं.

आता बंद अवस्थेत नीट बघा. कातडीत काट्यांचे तुकडे रुतलेले आहेत, बोटं आवळण्याऐवजी ताठ पसरली आहेत, क्रुसाचं आडवं लाकूड वजनाने वाकलंय. मग उजवी झडप उघडा: पुनरुत्थानात तेच शरीर, पण फोड नाहीत, फक्त क्रुसाच्या खुणा. शेवटच्या अवस्थेत, परीक्षेच्या चित्रात खाली डाव्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, फोडांनी भरलेला माणूस शोधा.

फ्रान्समधल्या कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात हे फलक आता सुटे मांडलेले आहेत, त्यामुळे हात तुटण्याचा क्षण तिथे दिसत नाही. जाणार असाल तर प्रतिकृती सोबत न्या.