मुंबई ते न्यूअर्क : प्रवासाचा आणि तारखेचा हिशेब

सोलापूरहून न्यू जर्सीला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : विमानाला किती तास लागतात? मुंबई ते न्यूअर्क (न्यू जर्सीतला विमानतळ) हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर असून थेट विमानाला इकडे येताना साडेपंधरा-सोळा तास लागतात. भारतात परतताना मात्र तास-दीड तास वाचतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे तेव्हा विमानाच्या पाठीशी असतात.

तिकीट वाचताना फसगत होते ती वेगळीच. मध्यरात्रीनंतर 1:30 ला मुंबईहून सुटलेले विमान हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी साधारण 6:30 ला न्यूअर्कला उतरते, आणि ते पाहून माझ्या आईने ‘म्हणजे पुण्याएवढेच लांब की’ असे समाधान मानले होते. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. न्यूअर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते; मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास.

माझी स्वतःची चूक याहून महाग पडली. विमान 15 जानेवारीला 1:30 चे होते, म्हणून मी 14 तारखेला संक्रांतीचा होम पाहून रात्रीच्या, सकाळी मुंबईला पोहोचणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो. विमानतळाच्या दारावर पहारेकऱ्याने तिकीट पाहिले, तारखेवर बोट ठेवले आणि विमान रात्रीच गेल्याचे सांगितले. ट्रॉलीवर कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणी, आणि मी तरीही त्याला सांगत होतो की आज 15 तारीखच आहे. नव्या तिकिटासाठी वडिलांना पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले. 15 च्या 1:30 चे विमान म्हणजे 14 च्या रात्री साडेनऊला विमानतळावर हजर असणे, आणि त्यासाठी सोलापूर 13 च्या रात्रीच सोडणे. हे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. दरवर्षी एक तरी मुलगा मला असा रडवेला फोन करतो.

येथील आपली जुनी मंडळी स्वस्त तिकिटाच्या बढाया मारतात, त्यांच्या नादी लागून दोन स्वतंत्र तिकिटे जोडू नयेत; पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे हातचे जाते. अमेरिकेत पुढे दुसरे विमान असेल तर तिथल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, म्हणजे देशात प्रवेशाची तपासणी, होते, सामान स्वतः ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावे लागते आणि पुन्हा सोपवावे लागते. यात वेळ जातो, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तासांहून कमी वेळ ठेवू नये. खाण्याचे पदार्थ विचारल्यास लपवू नयेत. येथील अधिकारी रुक्ष वाटतात, पण खरे सांगणाऱ्याला उगाच अडवत नाहीत.

पोहोचण्याची वेळ घरच्यांना भारतीय घड्याळाप्रमाणे, म्हणजे वरच्या उदाहरणात संध्याकाळी पाच अशी, लिहून द्यावी. माझी आई सकाळी साडेसहापासून फोनजवळ बसून होती.