दारूचा वास: काय जातं, काय जात नाही

"ताई, वास जायला काहीतरी द्या." रात्री दहाच्या सुमारास ही मागणी आमच्या मेडिकलवर नेमाने येते. इंदुरात रामबागेच्या अंगाला आमचं दुकान. मागणारा बहुतेक वेळा ओळखीच्या घरातलाच असतो, तोंडाशी हात धरून बोलतो. घरी वडील जागे असतात, नाहीतर सासरे मुक्कामाला आलेले. मी माउथवॉश काढून देते, पण त्याआधी विचारते, गाडी कोण चालवतंय? काउंटरवरून मी जे देते त्याने तोंड स्वच्छ होतं. रक्तातली दारू होती तेवढीच राहते.

आधी वास येतो कुठून ते नीट समजून घ्या, म्हणजे उगाच पैसे जाणार नाहीत. प्यायलेल्यापैकी थोडी दारू तोंडात, जिभेवर, मिशीवर राहते. ती धुऊन निघते. बाकीची पोटातून आणि आतड्यातून रक्तात जाते. नव्वद टक्क्यांच्या वर भाग यकृत मोडून काढतं. उरलेला तसाच्या तसा घामातून, लघवीतून आणि श्वासातून बाहेर पडतो. रक्त फुप्फुसात आलं की त्यातली दारू हवेत उडते आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर येते. लसूण खाल्ल्यावर दात घासूनही तासन्‌तास वास येत राहतो, तोही याच वाटेने. म्हणून वेलची, लवंग, बडीशेप, पान यांनी वास झाकला जातो आणि थोड्या वेळाने खालून परत वर येतो. व्होडकाला वास नसतो हेही खरं नाही. व्हिस्की-रमपेक्षा कमी येतो, एवढंच.

मग जातो कधी? हिशेब सोपा आहे. 30 मिलीच्या एका लहान पेगमध्ये, दारू 42.8 टक्क्यांची असेल तर, साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला 7 ते 10 ग्रॅम संपवतं. म्हणजे लहान पेगमागे एक ते दीड तास धरा. रात्री नऊला बसून चार मोठे पेग, म्हणजे आठ लहान, घेतले, तर ते पुरते उतरायला पहाटेचे पाच ते सकाळचे साडेआठ वाजतात. सकाळी सातला मुलीला शाळेत सोडायला स्कूटर काढणाऱ्या बापाने हा हिशेब जरूर करावा. बिअरवाल्यांचा एक गैरसमज मला फार खटकतो, 'बिअरच तर घेतली' हा. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 41 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं. सरळ चार लहान पेग झाले! आणि तेवढीच दारू घेतली तरी बाईच्या रक्तात तिचं प्रमाण सहसा पुरुषापेक्षा जास्त चढतं, कारण शरीरात पाणी कमी असतं.

कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला की उतरते, असं आपल्याकडे पोरं छातीठोकपणे सांगतात. उतरत नाही. खाण्याचा उपयोग आधी आहे. पोटात पोळी-भाजी, वरण-भात असेल तर दारू रक्तात हळू जाते. नुसत्या लसूण-शेवेवर आणि कच्च्या कांद्यावर बसू नका, सकाळी त्यांचाच दर्प जास्त येतो.

पोलिसांचं यंत्र फुप्फुसातली खोलवरची हवा मोजतं, त्यामुळे पुदिन्याच्या गोळीने त्याला काही फरक पडत नाही. उलट अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने नुकतीच चूळ भरली असेल तर काही मिनिटं आकडा वरच जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाचं मला एवढं वाटत नाही. पलासियापासून राजवाड्यापर्यंत रात्री बारालाही पायी माणसं असतात, मुलं कडेवर घेतलेल्या बाया असतात. रिक्षा करा, गाडी तिथेच राहू द्या.

आता तोंडाचं. दारूने लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की जिभेवरचे जंतू वाढतात आणि गंधकाचे वासट वायू तयार करतात. सकाळचा तो आंबूस, कुजका वास बराचसा याचा असतो, आणि हा मात्र हमखास घालवता येतो. पिताना प्रत्येक पेगबरोबर एक ग्लास साधं पाणी घ्या, झोपण्याआधी आणखी एक. दात घासा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जीभ खरवडा. पुढचा गुलाबी भाग नव्हे, मागचा, जिथे पांढरट-पिवळा थर साचतो. तांब्याची पट्टी मागून पुढे चार-पाच वेळा अलगद ओढा, दर वेळी धुऊन. उमासा येत असेल तर श्वास सोडताना ओढा.

माउथवॉश घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. अल्कोहोल नसलेला आणि शक्यतो झिंक असलेला घ्या, झिंक त्या गंधकाच्या वायूंना धरून ठेवतं. क्लोरहेक्झिडीनवाला डॉक्टरांनी हिरड्यांसाठी दिलेला असेल तर तो रोज वासासाठी वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. तो पेस्टनंतर लगेचही घेऊ नये, पेस्टच्या फेसाने त्याचा गुण कमी होतो, अर्धा तास जाऊ द्या. बिनसाखरेचं च्युइंगम गोळीपेक्षा बरं, चघळल्याने लाळ सुटते.

वासाबरोबर लोक डोकेदुखीची गोळीही मागतात. पोटात दारू असताना पॅरासिटामॉल मी आपणहून देत नाही. रोज पिणाऱ्याच्या यकृताला ते फार महाग पडू शकतं. झोपेची गोळी तर मुळीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आणि जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर कोर्स संपून तीन दिवस होईपर्यंत थेंबभरही घेऊ नका. चेहरा लाल होणं, छातीत धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो.

अंगाचं आणि कपड्यांचं सोपं आहे. साबण लावून आंघोळ, डोक्यावरूनही. अंगातला सदरा, बनियन, रुमाल रात्रीच पाण्यात टाका, सकाळपर्यंत खुंटीवर ठेवू नका. अत्तर किंवा डिओ वरून मारला की दोन्ही वास मिसळून तिसराच तयार होतो, आणि आईला तो आधी कळतो.

घरात बैठक झाली असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि मगच उदबत्ती लावा. ग्लास रात्रीच विसळा. गादीवर बिअर सांडली तर घासू नका, जुन्या पंचाने दाबून टिपून घ्या. गार पाण्यात किंचित साबण घालून पुन्हा टिपा, मग खायच्या सोड्याचा थर रात्रभर राहू द्या, सकाळी झटका आणि कडक ऊन दाखवा. उलटी झाली असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पुसा, मात्र त्याच जागी ब्लीच टाकू नका, विषारी वायू होतो. जुन्या लाकडी खुर्च्यांवर सांडली तर लगेच पुसा. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच करतात, दारूने ते परत विरघळतं आणि पांढरा डाग उरतो.

एक वास मात्र घालवायचा नसतो. माणूस प्यायलेला नाही, तरी तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, श्वास जोरात चालतो, बोलणं असंबद्ध आहे, तर ते डायबेटिसमधलं कीटोन (रक्तात साचणारी आम्लं) वाढणं असू शकतं. 'पिऊन आलाय' म्हणून झोपवू नका, साखर तपासा आणि दवाखान्यात न्या. प्यायलेला माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, तर कुशीवर वळवा, 108 लावा.

आणि रोज सकाळी दहाला वासाचं औषध मागणारा कुणी असेल, हात थरथरत असतील, तर त्याच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: बाटली हिसकावून एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, जीवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. बाणगंगेला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे, 14446 ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.